मद्यमुक्तीची संगत

(नभोवाणीवरून झालेले भाषण)

आजचा विषय सुशिक्षित घरांत सहसा मोठ्याने बोलला जात नाही. घरातील कर्त्या पुरुषाला मधुमेह जडला, तर ती गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळते, पथ्यपाण्याची चौकशी होते, चांगल्या वैद्याचे नाव कोणी तरी सुचवितो. परंतु त्याच पुरुषाला दारूचे व्यसन जडले, तर घरातील माणसांची पहिली धडपड होते ती खिडक्या लावून घेण्याची. कामावर दूरध्वनी करून ‘आज त्यांना ताप आहे’ असे पत्नी कळविते. मुले मित्रांना घरी बोलावीनाशी होतात. म्हातारी आई देव्हाऱ्यापुढे नवस बोलते. या लपवालपवीत पाच-दहा वर्षे सहज निघून जातात, आणि त्या अवधीत रोग काही थांबलेला नसतो. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत असे आढळले की, मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी अवघ्या एकाला कसला ना कसला उपचार लाभतो. उरलेल्या सदतीस जणांनी, आणि त्यांच्या घरच्यांनी, कोठे जावे, तेथे काय घडते व गेल्याने काय साधते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मी चाकणचा राहणारा. आमचे गाव पूर्वी दोन गोष्टींसाठी ठाऊक होते: एक कांद्याचा बाजार आणि दुसरा संग्रामदुर्ग. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने हा लहानसा भुईकोट शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजविला. तोफांना किल्ला दाद देईना, तेव्हा मोगलांनी जमिनीखालून भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग लावला, आणि बुरूज उडाला. संसाराचेही असेच असते. वेढा सर्वांना दिसतो. सुरुंग कोणाला दिसत नाही.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आमच्या भोवतालच्या माळरानावर मोटारींचे व यंत्रभागांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. मराठवाडा, विदर्भ, उत्तर हिंदुस्थान अशा दूरदूरच्या मुलखांतून तरुण मंडळी येथे आली. एका खोलीत चौघे-पाचजण राहतात. तीन पाळ्यांत काम चालते. रात्रपाळी संपवून सकाळी खोलीवर आलेल्या माणसाला झोप येत नाही, आणि पगाराच्या दिवशी घरी परतावयास घर जवळ नसते. अशा वेळी जो प्याला पुढे येतो, तो बहुधा मित्राच्या हातून येतो. आणि ही गोष्ट केवळ मजुरांची आहे, असे समजून वरच्या मजल्यावरील मंडळींनी निश्चिंत राहू नये. अधिकाऱ्यांच्या मेजवानीतही प्याला मित्राच्याच हातून येतो; फरक इतकाच की तो काचेचा असतो.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात तळीराम व त्याच्या साथीदारांनी ‘आर्य मदिरा मंडळ’ काढले आहे. प्रेक्षक त्या प्रवेशाला आजवर पोट धरून हसत आले. परंतु त्या विनोदात एक कठोर सत्य दडलेले आहे. पिण्याला मंडळ असते. तेथे जागा असते, वेळ ठरलेली असते, आपल्याला नावाने हाक मारणारे सोबती असतात. उलट, दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला आपण काय देतो? देवापुढची एक शपथ, बायकोच्या डोळ्यांतील पाणी, आणि एकांत. सुधाकरासारखा बुद्धिमान वकीलही एकदा घेतलेला निश्चय टिकवू शकत नाही, यात गडकऱ्यांनी काहीच अतिशयोक्ती केलेली नाही. मंडळाविरुद्ध एकटा माणूस उभा केला, तर मंडळच जिंकणार. म्हणून आजच्या भाषणाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे: दारू ज्या वाटेने येते त्याच वाटेने जाते, आणि ती वाट संगतीची आहे.

अशी संगत संघटित रीतीने जमली ती अमेरिकेत. तेथे १८४० साली बाल्टिमोर शहरातील सहा पिणाऱ्या मित्रांनी एकत्र येऊन दारू सोडण्याची प्रतिज्ञा केली व ‘वॉशिंग्टोनियन’ नावाची चळवळ सुरू केली. थोड्याच वर्षांत तिचे असंख्य अनुयायी झाले. पण राजकारणाचे व इतर वादांचे वारे तिच्यात शिरले आणि ती तितक्याच झपाट्याने ओसरली. यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९३५ सालच्या मे महिन्यात, न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातील गृहस्थ ओहायो संस्थानातील अॅक्रन या गावी कामासाठी आला होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. काम फसले, परक्या गावी, हॉटेलात, खिशात फारसे पैसे नाहीत, आणि समोरच मद्याचा बार. त्या क्षणी त्याला सुचले ते असे की, आपल्याला आता उपदेशकाची गरज नसून आपल्यासारख्याच दुसऱ्या दारुड्याची गरज आहे. चार ठिकाणी दूरध्वनी करून त्याने असा माणूस शोधून काढला. तो होता डॉक्टर बॉब स्मिथ, व्यवसायाने शस्त्रवैद्य आणि पक्का मद्यपी. डॉक्टरांनी मोठ्या नाखुषीने पंधरा मिनिटे देऊ केली होती. प्रत्यक्षात दोघे कित्येक तास बोलत बसले. विल्सनने उपदेश केला नाही. त्याने फक्त स्वतःची हकीकत सांगितली. डॉक्टर स्मिथ यांनी शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ रोजी. हाच दिवस ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’, म्हणजे संक्षेपाने ए.ए., या संघटनेचा जन्मदिवस मानला जातो. आज सुमारे १८० देशांत तिचे समूह भरतात. आपल्या देशात १९५७ साली तिचे काम सुरू झाले, व मुंबई हे तिच्या अगदी आरंभीच्या ठिकाणांपैकी एक. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात तिच्या सभा मराठीतूनही होतात.

या हकीकतीतील मर्म श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे. विल्सन डॉक्टरांना वाचवावयास गेला नव्हता. तो स्वतः वाचावा म्हणून गेला होता. मदत देणारा आणि घेणारा असे दोन वर्ग ज्या ठिकाणी नसतात, तेथे घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. आपल्या समाजात व्यसनी माणसाला उपदेशाचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा होता तो ‘मीही तेथेच होतो’ असे सांगणाऱ्याचा.

आता सभेत प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. कारण पहिल्या दिवशी पाऊल अडखळते ते या अज्ञानामुळेच. सभा एखाद्या शाळेच्या वर्गात, चर्चच्या सभागृहात, किंवा रुग्णालयाच्या खोलीत भरते. ती सुमारे तास-दीड तास चालते. सभा दोन प्रकारच्या असतात. ‘खुल्या’ सभेस कोणासही, घरच्या मंडळींसही, बसता येते. ‘बंद’ सभा केवळ पिणे सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. नाव नोंदवावे लागत नाही, शुल्क नाही, आडनाव, जात, हुद्दा यांची विचारपूस नाही. सभासदत्वाची एकच अट आहे: दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असली पाहिजे, अशीही अट नाही.

आरंभी एक छोटी प्रार्थना होते व काही मजकूर वाचला जातो. मग एकेक जण आपले पहिले नाव सांगून, आपण मद्यपी आहो असे म्हणून, आपली हकीकत सांगतो: पूर्वी कसे होते, काय घडले आणि आज कसे आहे. मध्येच कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालीत नाही. नवख्याने काही बोललेच पाहिजे असे नाही. ‘मी आज फक्त ऐकतो’ एवढे म्हणणे पुरते. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो. त्यात ज्याला जमेल त्याने दोन पैसे टाकावे, नवख्याने न टाकले तरी चालते. संघटना बाहेरच्या कोणाकडूनही देणगी घेत नाही. जागेचे भाडे आणि चहा या फिरत्या डब्यातून भागतो. जो आपला खर्च आपण भागवितो त्याला कोणाचे ऐकावे लागत नाही, हा व्यवहार त्यामागे आहे. वॉशिंग्टोनियन मंडळींच्या अनुभवातून धडा घेऊन ही संघटना बाहेरच्या कोणत्याही प्रश्नावर मत देत नाही. गावात ‘आडवी बाटली’ करून दारूचे दुकान बंद करावे की न करावे, हा नागरिकांचा प्रश्न, सभेचा नव्हे. सभेचा प्रश्न एकच: आज मी न पिता कसा राहू?

‘आज’ हा शब्द येथे फार महत्त्वाचा. जन्मभर न पिण्याची शपथ ऐकूनच व्यसनी मनुष्य गर्भगळीत होतो, आणि ती मोडली की सर्वस्व बुडाले असे समजून पुन्हा पूर्ववत पिऊ लागतो. सभेत जन्माचा हिशेब मांडीत नाहीत. आजचा दिवस न पिता काढावयाचा, एवढेच ठरवितात. आणि टाळावयाचा तो दहावा प्याला नव्हे, पहिला. कारण ज्याला हा रोग जडला आहे त्याच्या बाबतीत पहिल्या प्याल्यानंतर निर्णय त्याच्या हाती राहत नाही. गडकऱ्यांनी नाटकाला दिलेले नाव हेच या रोगाचे अचूक निदान आहे.

नव्या माणसाला पुढे एखादा जुना सभासद मार्गदर्शक म्हणून लाभतो. त्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. पिण्याची ऊर्मी आली की रात्री-अपरात्री त्याला दूरध्वनी करता येतो. संघटनेने घालून दिलेल्या बारा पायऱ्या त्याच्या सोबतीने चढावयाच्या असतात. आपली हतबलता मान्य करणे, स्वतःच्या स्वभावाची निर्भीड झडती घेणे, ज्यांना दुखविले त्यांची भरपाई करणे, आणि अखेरीस आपल्यासारख्या दुसऱ्याला हात देणे, असा त्यांचा क्रम आहे. न पिता एक वर्ष पूर्ण झाले की सभेत त्याचा वाढदिवस साजरा होतो. चाळीस-पन्नास वर्षांचा गृहस्थ ‘आज मी एक वर्षाचा झालो’ असे सांगतो, आणि त्यात कोणालाही हसू येत नाही.

या पायऱ्यांत ईश्वराचा, किंवा आपल्याहून मोठ्या अशा एखाद्या शक्तीचा, उल्लेख येतो. त्यामुळे काही सुशिक्षित मंडळी बिचकतात. ती शक्ती ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यावी, अशी मुभा आहे. कित्येक नास्तिक सभासद समूहालाच ती शक्ती मानतात. आम्हा चाकणकरांना तर ही कल्पना परकी वाटू नये. आळंदी आणि देहू ही क्षेत्रे आमच्या शेजारीच आहेत. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मद्य-मांस वर्ज्य करतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. पण नुसती माळ त्याला सांभाळीत नाही. एकादशीचे भजन, दिंडीतील आपला क्रमांक, वर्षाची वारी, आणि वाट चुकली तर विचारणारे सोबती त्याला सांभाळतात. माळ हा निश्चय. दिंडी ही संगत. ए.ए.च्या सभेत माळेचे बंधन नाही, परंतु दिंडीचे तत्त्व तेच आहे.

गुण येतो काय, हा प्रश्न रास्तच आहे. २०२० साली ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय परीक्षण संस्थेने २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत दहा हजारांहून अधिक रुग्ण होते. पद्धतशीरपणे या सभांकडे वळविलेल्या रुग्णांपैकी वर्षभरानंतर ४२ टक्के पूर्णतः मद्यमुक्त आढळले. अन्य मानसोपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होते. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, ही संगत अन्य मानसोपचारांहून कमी नाही, किंबहुना थोडी सरसच आहे. दुसरी, निम्म्याहून अधिक माणसे वर्षभरात एकदा तरी घसरतात. तेव्हा घसरणे म्हणजे ढोंग उघडे पडणे नव्हे. ज्वर उलटला म्हणून आपण रोग्याला घराबाहेर काढीत नाही. घसरलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी सभेचे दार मोकळे असते; ते घरचेही असावे.

परंतु एका बाबतीत मी श्रोत्यांना कळकळीने सावध करू इच्छितो. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एकाएकी, घरच्या घरी, दारू बंद करणे धोक्याचे आहे. हातांना कंप सुटतो, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत आकडी येते. काहींना दोन-चार दिवसांनी भ्रम होऊन नसलेल्या वस्तू दिसू लागतात, आणि वेळेवर उपचार न झाल्यास ही अवस्था प्राणावर बेतते. आपल्याकडे याला ‘वारे लागले’ समजून देवऋष्याकडे नेतात. नेले पाहिजे रुग्णालयात. म्हणून अशा माणसाने प्रथम डॉक्टरास भेटावे, शरीर सावरून घ्यावे, आणि मग सभेस जावे. औषध शरीराची दारू उतरविते. मनाची उतरविण्यास संगत लागते.

आता चाकणच्या माणसाने प्रत्यक्ष काय करावे? केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या क्रमांकाची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. मनाच्या कोणत्याही व्यथेसाठी १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक आहे. नाव न सांगताही तेथे बोलता येते. पुण्याच्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. येरवड्याला ‘मुक्तांगण’ आहे. डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, ही संस्था सुरू केली. संस्थापक दोघेही आता हयात नाहीत, पण कार्य अखंड चालू आहे. तेथे काही आठवडे राहून उपचार घेता येतात, आणि समुपदेशकांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसेही आहेत. अॅक्रनच्या त्या दोघांचे तत्त्व येथेही दिसते. ए.ए.च्या सभांचे वार व ठिकाणे अशा संस्थांत विचारल्यास कळतात. पाळीमुळे ठरावीक वार जमत नसेल, तर दोन-तीन ठिकाणचे वार टिपून ठेवावे, म्हणजे कोणत्याही पाळीच्या आठवड्यात एक तरी सभा पदरात पडते. दूरध्वनीवरून चित्ररूपाने भरणाऱ्या सभाही आहेत. रात्रपाळीच्या माणसाला त्यांचा मोठा आधार होतो. पहिली सभा रुचली नाही, तर निदान पाच-सहा सभा बसून पाहाव्या. प्रत्येक समूहाचा स्वभाव निराळा असतो. आणि पिण्याची अडचण असलेल्या भगिनींनी ‘हे पुरुषांचे काम’ असे मानू नये. दार त्यांच्यासाठीही तितकेच उघडे आहे.

याउलट, ‘हमखास दारू सोडवितो’ अशी जाहिरात करून रोग्याला कोंडून ठेवणाऱ्या, मारहाण करणाऱ्या ठिकाणांपासून दूर राहावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यान्वये अशा संस्थांस नोंदणी आवश्यक आहे आणि रुग्णास साखळदंडाने बांधणे हा गुन्हा आहे. घरच्यांना आत जाऊन पाहू न देणारे ठिकाण हे उपचाराचे ठिकाण नव्हे.

शेवटी घरच्यांविषयी. विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ साली मद्यपींच्या नातलगांसाठी ‘अल्-अॅनॉन’ हे निराळे समूह संघटित केले. मुक्तांगणातही रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा मेळावा भरतो. पती सभेस येत नसला, तरी पत्नीने जरूर जावे. तेथे तिला तीन गोष्टी कळतात: हा रोग तिने आणलेला नाही, तो तिच्या रागाने किंवा उपासाने जाणार नाही, आणि तिचे स्वतःचे आयुष्य त्याच्या बाटलीवर टांगून ठेवण्याचे कारण नाही. मग ती कामावर ‘ताप आहे’ असा खोटा निरोप देणे थांबविते, गुत्त्याची उधारी फेडणे थांबविते. हा निष्ठुरपणा नव्हे. परिणामांची झळ ज्याची त्याला लागू दिली, तरच त्याला दार शोधण्याची बुद्धी होते. मात्र त्याच्या नकळत जेवणात औषध कालविण्याचा मार्ग कोणी सुचविला, तर तो निक्षून नाकारावा. डायसल्फिरामसारखे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्याली तर रक्तदाब घसरून जिवाला धोका होतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने व रोग्याच्या संमतीनेच द्यावयाचे असते.

श्रोतेहो, या सभांच्या नावातच अनामिकता आहे. लोक काय म्हणतील, या भीतीला ते उत्तर आहे. त्या खोलीत ज्याला तुम्ही ओळखाल, तोही तुमच्यासारखाच तेथे आलेला असेल, आणि तेथे पाहिलेले कोणी बाहेर सांगत नाही. गुत्त्यावर जाताना माणूस जेवढा ओळखला जातो, त्याहून या दारात तो कमीच ओळखला जाईल. तुमच्या घरी, शेजारी, किंवा तुमच्या हाताखाली काम करणाऱ्यांत असा कोणी असेल, तर त्याला आज उपदेश करू नका. सकाळी, तो शुद्धीवर असताना, सभेचा वार आणि जागा एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या हाती द्या, आणि खुली सभा असेल तर ‘चला, मी दारापर्यंत येतो’ एवढेच म्हणा.